पेंटियम ४ आणि मराठवाड्याचा उन्हाळा

नांदेड-लातूरच्या इतिहासावर बोलायचं म्हटलं की कंधारचा किल्ला येतो, खरोशाची लेणी येतात, उदगीरची लढाई येते, निजामाविरुद्धचा मुक्तिसंग्राम येतो, आणि फारच अलीकडे यायचं तर १९९३ चा किल्लारीचा भूकंप. त्यानंतर आपला इतिहास जणू थांबतो. आज आम्ही त्याच्याही पुढच्या, साधारण २००० ते २००६ या सहा-सात वर्षांविषयी बोलणार आहोत, आणि तेही एका चिपविषयी. अंगठ्याच्या नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा, त्यावर कोट्यवधी ट्रान्झिस्टर, आणि डब्यावर नाव : पेंटियम ४.

काहींना वाटेल, हा कॉम्प्युटरच्या क्लासचा विषय आहे, इतिहासाच्या व्याख्यानात कशाला? त्याचं कारण असं, की त्या काळात मोंढ्याजवळच्या, स्टेशन रोडच्या, गल्लीबोळांतल्या कितीतरी दुकानदारांनी आणि पालकांनी कर्ज काढून, सोनं मोडून ही यंत्रं घेतली. साठ हजारांची वस्तू घरात येत होती, म्हणजे त्या वेळी एका चांगल्या म्हशीपेक्षा महाग. ती वस्तू चांगली होती का वाईट, याचा निवाडा झालेला आहे. पुस्तकांत आहे, मासिकांत आहे. पण तो निवाडा बावीस-पंचवीस अंशांच्या वातानुकूलित प्रयोगशाळेत बसून केलेला आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो. त्या खोलीत तोच निवाडा कसा लागतो, एवढंच आज बघायचं.

आधी थोडं मागे जाऊ. आपल्याकडे कॉम्प्युटर कशासाठी आला? अभियांत्रिकी महाविद्यालयं होती, नांदेडचं गुरू गोविंदसिंगजी महाविद्यालय १९८१ पासूनचं. १९९४ ला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं. पण गल्लीत कॉम्प्युटर आणला तो डीटीपीनं. लग्नपत्रिका, हँडबिलं, साप्ताहिकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका. पेजमेकर, कोरल ड्रॉ आणि त्याला जोडलेली श्रीलिपीसारखी मराठी अक्षरं. मग २००१ पासून एमएस-सीआयटी आली आणि तालुक्या-तालुक्याला क्लास निघाले, कारण सरकारी नोकरीला तो कागद लागू लागला. आता बघा, पत्रिका जुळवणं किंवा वर्डमध्ये अर्ज टाइप करणं, यासाठी किती ताकद लागते? पेंटियम तीन, सेलेरॉन, अगदी जुना पेंटियमसुद्धा पुरतो. म्हणजे २००० साली आपल्या बाजारातल्या दहातल्या आठ-नऊ कामांना पेंटियम ४ ची गरज नव्हती. हे आमचं मत आहे, मोजणी नव्हे; पण त्या काळी दुकानात बसलेल्या माणसाला विचारा, तो वेगळं सांगणार नाही.

तरी लोकांनी तो घेतला. का, तर आकडा. ‘किती गिगाचा हाय?’ हा त्या काळातला पहिला प्रश्न. गिगाहर्ट्झ म्हणजे प्रोसेसरचं घड्याळ सेकंदाला किती अब्ज टिकटिक करतं ते. २००० च्या मार्चमध्ये एएमडीनं आधी आणि इंटेलनं दोनच दिवसांनी एक गिगाहर्ट्झचा आकडा गाठला. इथून ती शर्यत पार वेड्यासारखी सुटली. मोटारसायकलच्या सीसीसारखा हा आकडा सगळ्यांना कळत होता, आणि कळणारा आकडा विकायला सोपा असतो. जाता जाता एक सांगतो, पहिल्या पेंटियमचे जनक म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं ते विनोद धाम जन्मानं पुण्याचे. पण १९९५ मध्येच ते इंटेल सोडून गेले होते, तेव्हा पेंटियम ४ चं पाप किंवा पुण्य त्यांच्या खात्यावर मांडू नये.

२० नोव्हेंबर २००० ला पेंटियम ४ बाजारात आला. १.४ आणि १.५ गिगाहर्ट्झ. सव्वाचार कोटींच्या आसपास ट्रान्झिस्टर. १.५ चा घाऊक दर ८१९ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावानं अडतीस हजार रुपये, आणि तेही नुसत्या प्रोसेसरचे. आतली रचना सगळी नवी होती, तिला नाव दिलं नेटबर्स्ट. तिची मुख्य युक्ती समजली की पुढचं सगळं समजतं, म्हणून इथं जरा थांबू.

लातूरकरांना डाळ मिल सांगायला नको. तूर आली की चाळणी, मग रोलरवर ओरखडे, मग तेल-पाणी, वाळवण, भरडणं, पुन्हा चाळणी, प्रतवारी, पोती. एक माणूस सगळं करत बसला तर दिवसाला एक पोतं. तेच काम टप्प्यांत तोडलं, प्रत्येक टप्प्यावर वेगळा माणूस ठेवला, तर ओळ चालू राहते आणि दर मिनिटाला एक पोतं बाहेर पडतं. प्रोसेसरमध्ये या ओळीला पाइपलाइन म्हणतात. पेंटियम तीनमध्ये अशा दहा टप्प्यांची ओळ होती. पेंटियम ४ मध्ये इंटेलनं कामाचे आणखी बारीक तुकडे केले आणि वीस टप्पे केले. टप्पा लहान, म्हणून तो लवकर उरकतो, म्हणून घड्याळ वेगानं फिरवता येतं. गिगाहर्ट्झ वाढले ते इथून.

आता यातली गोम. मिलमध्ये पुढची गाडी तुरीची येणार की हरभऱ्याची, हे आधी माहीत नसतं. ओळ रिकामी ठेवणं परवडत नाही, म्हणून मुकादम अंदाज करतो आणि तूर घालायला सुरुवात करतो. अंदाज बरोबर निघाला तर उत्तम. चुकला, तर ओळीत जेवढं चढलंय तेवढं सगळं उतरवायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. दहा टप्प्यांची ओळ असेल तर नुकसान कमी, वीस टप्प्यांची असेल तर दुप्पट. प्रोग्रॅममध्ये ‘असं असेल तर हे कर, नाहीतर ते कर’ अशी वळणं पावलोपावली असतात. प्रत्येक वळणावर प्रोसेसर असाच अंदाज बांधतो. म्हणून वळणावळणाच्या कामात पेंटियम ४ अडखळायचा आणि सरळसोट, एकसुरी, लांबलचक कामात सुसाट सुटायचा.

त्यामुळे पहिल्या चाचण्यांमध्ये गंमत झाली. १.४ गिगाचा नवा पेंटियम ४ बऱ्याच रोजच्या प्रोग्रॅममध्ये एक गिगाच्या पेंटियम तीनच्या मागे पडला. पैसे जास्त, आकडा मोठा, काम कमी. एका चाचणीत तर व्हिडिओ रूपांतराच्या फ्लास्क एमपेग या प्रोग्रॅममध्ये तो सपशेल हरला. मग इंटेलच्या इंजिनिअरांनी तोच प्रोग्रॅम नव्या एसएसई-२ आज्ञा वापरून सुधारून दिला आणि एकदम तो पुढे गेला. ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. चिपची ताकद त्या चिपसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये दिसते. आणि आपल्या बाजारात प्रोग्रॅम कुठले चालायचे? तीन वर्षं जुनी सीडी, मित्राकडून मित्राकडे फिरलेली. एसएसई-२ च्या १४४ नव्या आज्ञांपैकी एकही त्यांना ठाऊक नव्हती.

दुसरा घोळ रॅमचा. पेंटियम ४ सुरुवातीला रॅमबसच्या महाग मेमरीवर बेतला होता. ती सेकंदाला ३.२ गिगाबाइट माल पुरवायची. ती कुणाला परवडेना, म्हणून २००१ च्या सप्टेंबरमध्ये इंटेलनं ८४५ नावाचा चिपसेट काढला, त्यावर जुनी स्वस्त एसडी रॅम चालायची. तिचा पुरवठा एक गिगाबाइटच्या आसपास. म्हणजे मिल दुप्पट वेगाची आणि माल आणायला बैलगाडी. आपल्या भागात जे पहिले पेंटियम ४ स्वस्तात मिळू लागले, ते या जोडीतले. डब्यावर पेंटियम ४ लिहिलेलं, दुकानदारानं सांगितलेलंही खरं, आणि तरी घरी नेल्यावर शेजारच्या पेंटियम तीनपेक्षा विशेष काही वेगळं वाटेना. यात फसवणूक कुणी केली असं नाही, पण आकड्यानं डोळे झाकले एवढं नक्की.

आतापर्यंत आम्ही फक्त दोषच सांगितले. आता दुसरी बाजू, आणि ती भक्कम आहे.

२००२ च्या जानेवारीत नॉर्थवूड नावाची दुसरी पिढी आली. ट्रान्झिस्टर आणखी बारीक, १३० नॅनोमीटरचे. चिपमधली कॅश मेमरी दुप्पट, ५१२ किलोबाइट. डीडीआर रॅम आली, ती स्वस्तही होती आणि वेगवानही. वर्षअखेरीला ३.०६ गिगाहर्ट्झ आणि त्याबरोबर हायपर-थ्रेडिंग, म्हणजे एकाच प्रोसेसरनं दोन कामांचे धागे एकाच वेळी हाताळायचे. एका ओळीत अंदाज चुकून जागा रिकामी पडली की दुसऱ्या कामाचा माल त्या जागेत सरकवायचा. वीस टप्प्यांच्या ओळीवर काढलेला हा नामी उपाय होता. मात्र त्याला विंडोज एक्सपी लागायचं. विंडोज ९८ ला दुसरा धागा दिसतच नाही, आणि डीटीपीवाल्यांची निम्मी यंत्रं ९८ सोडायला तयार नव्हती, कारण तिच्यावर मराठी फॉन्ट नीट बसलेले.

पण एका धंद्यानं पेंटियम ४ ची ताकद पुरेपूर वापरली, आणि तो म्हणजे लग्नाच्या शूटिंगचा धंदा. आधी व्हीएचएस कॅसेट होती. २००० नंतर व्हीसीडी आली, मग डीव्हीडी. डीव्ही कॅमेऱ्यातून कॉम्प्युटरमध्ये घेतलेलं चित्रण तासाला तेरा जीबी जागा खातं. त्याला टायटल, गाणी, हळदीला उडणारी फुलं आणि वरमाला पडताना मागे कारंजं, असं सगळं चढवायचं आणि शेवटी एमपेगमध्ये दाबून डिस्कवर बसवायचं. हे दाबण्याचं काम म्हणजे एकाच प्रकारचं गणित लाखो वेळा. वळणं कमी, ओळ लांब. पेंटियम ४ जणू याच कामासाठी जन्माला आला होता. आतले गणिताचे भाग घड्याळाच्या दुप्पट वेगानं चालायचे, रॅमचा पुरवठा मोठा, नवे प्रोग्रॅम एसएसई-२ ओळखू लागलेले. पेंटियम तीनवर जे काम रात्रभर चालायचं, ते तीन गिगाच्या नॉर्थवूडवर जेवण उरकून येईपर्यंत बरंच पुढे गेलेलं असायचं. मिक्सिंगवाल्यानं पेंटियम ४ वर घातलेले पैसे वाया गेले असं आम्ही म्हणणार नाही. त्याचं पोट त्यावर चाललं.

आणि इथेच खरा पेच आहे. आपल्याकडे लग्नं कधी लागतात? एप्रिल आणि मे. सुगी संपलेली, हातात पैसा, शाळांना सुट्ट्या. बालाघाटाच्या पठारावरचं लातूर जरा बरं, गोदाकाठचं नांदेड तर तव्यावर. म्हणजे ज्या दिवसांत या यंत्राकडून सगळ्यात जास्त काम घ्यायचं, तेच दिवस त्याच्या प्रकृतीला सगळ्यात वाईट.

उष्णतेचा हिशेब करू. एक गिगाचा पेंटियम तीन तीस वॅटच्या आतबाहेर. पहिला पेंटियम ४ पंचावन्नच्या आसपास. ३.०६ चा नॉर्थवूड ब्याऐंशी. फेब्रुवारी २००४ मध्ये आलेला प्रेस्कॉट ३.४ गिगाला १०३ वॅट, आणि त्याच वर्षअखेरचा ३.८ गिगाचा ११५. ही सगळी उष्णता निघते ती प्रेस्कॉटमध्ये ११२ चौरस मिलिमीटरच्या तुकड्यातून. घरातल्या इस्त्रीचा तळ धरला तर दर चौरस सेंटिमीटरला चार-पाच वॅट. प्रेस्कॉटचा तुकडा नव्वदच्या घरात. २००१ च्या फेब्रुवारीत इंटेलच्याच पॅट गेल्सिंगर यांनी जाहीर भाषणात बजावलं होतं, की असंच चालू राहिलं तर चिपची उष्णतेची घनता अणुभट्टीच्या, मग रॉकेटच्या नळकांड्याच्या आणि शेवटी सूर्याच्या पृष्ठभागाच्या पातळीला जाईल. घरच्याच माणसानं सांगितलेलं घरात ऐकलं गेलं नाही, असं दिसतं.

आता खोली. कॅबिनेट कसं असावं याबद्दल इंटेलनं त्या काळात जे मार्गदर्शन दिलं होतं, त्यात बाहेरची खोली पस्तीस अंशांची धरली होती, आणि प्रोसेसरच्या पंख्यापाशी येणारी हवा अडतीस अंशांच्या वर जाऊ नये अशी अट होती. पस्तीस! आपल्याकडे मेमध्ये दुपारी पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या दुकानात ती अट सकाळी दहाला मोडते. त्यासाठी कॅबिनेटच्या बाजूला एक गोल नळी बसवायची टूम निघाली होती, बाहेरची हवा थेट पंख्यावर यावी म्हणून. आपल्याकडे त्या नळीतून हवेपेक्षा काळ्या मातीची धूळच जास्त आली. दोन महिन्यांत हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये गोधडी बसायची. ज्यानं ब्लोअर मारला तो वाचला.

मग ही यंत्रं जळाली का? नाही, सहसा नाही. आणि हा पेंटियम ४ चा सगळ्यात मोठा गुण, ज्याचं कौतुक आपल्याकडे कधी झालं नाही. त्याच्या आत तापमान मोजणारा भाग होता. मर्यादा ओलांडली की तो घड्याळ काही मायक्रोसेकंद थांबवायचा, चालू करायचा, पुन्हा थांबवायचा. बैल दमला की शेतकरी तास सोडतो, तसं. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळानं एक चित्रफीत दाखवली होती : खेळ चालू असताना प्रोसेसरवरचा हीटसिंक हातानं काढायचा. एएमडीचा १.४ गिगाचा अ‍ॅथलॉन क्षणात धुरासकट गेला. दोन गिगाचा पेंटियम ४ रांगू लागला, पण मेला नाही. हीटसिंक परत ठेवल्यावर चालायला लागला. आपल्या हवेत, आपल्या धुळीत, वर्षानुवर्षं कॅबिनेट न उघडणाऱ्या माणसाच्या हातात हा गुण लाखमोलाचा होता.

पण त्याची दुसरी बाजू बघा. यंत्र थांबत नाही, तक्रार करत नाही, पडद्यावर कसली सूचना देत नाही. विंडोजमध्ये बघितलं तर तीन गिगाहर्ट्झच लिहिलेलं. आत मात्र तापलेल्या वेळी घड्याळ निम्मा वेळ बंद. मिक्सिंगवाल्याला एवढंच कळायचं, की जानेवारीत जे काम दोन तासांत होतं, ते मेमध्ये तीन-साडेतीन तास घेतंय. मग त्यानं काय केलं? ‘व्हायरस आलाय’ म्हणून फॉरमॅट मारला. रॅम वाढवली. काहींनी याहून मोठ्या गिगाचा प्रोसेसर घेतला, म्हणजे आणखी उष्णता विकत घेतली. ज्यांना अनुभवानं उमगलं, त्यांनी कॅबिनेटचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावला आणि काम रात्री लावलं. हा इलाज कुठल्या मासिकात छापून आला नव्हता, पण त्या वेळच्या दुकानांत झाकण लावलेलं कॅबिनेट शोधावं लागायचं.

टेबलफॅन चालायला वीज लागते, आणि तिथं आपली दुसरी कहाणी सुरू होते. २००५ नंतर राज्यात विजेची तूट चार-पाच हजार मेगावॅटच्या घरात गेली. भारनियमन कुणाला किती, हे त्या त्या भागातली गळती आणि वसुली बघून ठरायचं. मराठवाड्याची गळती जास्त, म्हणून आपले तास जास्त. आम्ही अंदाजे एक हिशेब मांडतो. दीडशे अँपिअर-अवरची इन्व्हर्टरची बॅटरी, वजावट जाऊन साधारण चौदाशे वॅट-तास हातात पडतात. प्रेस्कॉटचं यंत्र भरपूर कामात, त्यात स्वस्तातल्या पॉवर सप्लायची नासाडी धरून, सव्वादोनशे वॅट. सतरा इंची काचेचा मॉनिटर पंचाहत्तर. म्हणजे तीनशे. बॅटरी साडेचार तासांत संपली. तेच पेंटियम तीनच्या यंत्रावर आठ तास. भारनियमन सहा तासांचं असेल तर एक दुकान चालू राहतं आणि दुसरं बंद पडतं. छोटा सहाशे व्हीएचा यूपीएस असेल तर विचारूच नका. आठ-दहा मिनिटांत काम सेव्ह करायचं आणि बाहेर ओट्यावर येऊन बसायचं.

इथं आम्हाला एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. पेंटियम ४ ज्यांनी आखला त्यांनी ‘डेस्कटॉप’ म्हणजे भिंतीतल्या न संपणाऱ्या विजेवर आणि थंड खोलीत चालणारं यंत्र असं गृहीत धरलं होतं. नांदेड-लातूरचा डेस्कटॉप तसा नव्हताच. तो बॅटरीवर चालणारा, हवा कमी मिळणारा, म्हणजे स्वभावानं लॅपटॉप होता, फक्त वजन वीस किलो. आणि नेमक्या त्याच काळात इंटेलच्याच इस्रायलमधल्या हैफाच्या चमूनं लॅपटॉपसाठी वेगळा प्रोसेसर काढला होता, पेंटियम एम, मार्च २००३. घड्याळ दीड-पावणेदोन गिगाच, पण कामात मोठ्या आकड्यांच्या पेंटियम ४ ला टक्कर देणारा, आणि उष्णता चोवीस-पंचवीस वॅट. आपल्या हवेला तोच योग्य होता. पण तो लॅपटॉपमध्येच मिळायचा, लॅपटॉप लाखाच्या घरात, आणि आकडा लहान, तेव्हा आपल्या गल्लीत त्याची चर्चासुद्धा झाली नाही.

एएमडीचं काय, असं विचाराल. ‘एएमडी गरम होतो’ हे वाक्य त्या काळी प्रत्येक दुकानात ऐकायला मिळायचं. अ‍ॅथलॉनच्या पहिल्या दिवसांत ते खरंही होतं, ती चित्रफीत सांगितलीच. पण सप्टेंबर २००३ मध्ये अ‍ॅथलॉन ६४ आला. काम नसलं की आपोआप घड्याळ आणि दाब कमी करण्याची सोय त्यात पहिल्यापासून होती. डेस्कटॉपच्या पेंटियम ४ ला तशी सोय २००५ मध्ये मिळाली. म्हणजे २००४ मध्ये वस्तुस्थिती उलटी झाली होती, पण म्हण तीच राहिली. हैदराबाद जवळ, माल तिकडून यायचा, आणि दुकानदार जो माल परत येणार नाही तोच ठेवायचा. त्यात त्याची चूक काढता येत नाही. बिघडलेला मदरबोर्ड बदलून आणायला एक दिवस आणि एक रेल्वे तिकीट जायचं.

प्रेस्कॉटबद्दल आणखी थोडं, कारण सगळा डाव तिथं उलटला. ओळ वीसवरून एकतीस टप्प्यांची केली. इंटेलचं बोलणं दहा गिगाहर्ट्झपर्यंत जायचं होतं. आजवर असं घडत आलं होतं, की ट्रान्झिस्टर बारीक केला की तो कमी वीज खातो. नव्वद नॅनोमीटरला हे गणित बिघडलं. भिंती इतक्या पातळ झाल्या की बंद केलेल्या ट्रान्झिस्टरमधूनही वीज झिरपू लागली. काही काम न करताही चिप तापायची. नवा प्रेस्कॉट त्याच गिगाच्या जुन्या नॉर्थवूडपेक्षा बऱ्याच कामांत वेगानं सरस नव्हता, आणि गरम मात्र जास्त. आमचं स्पष्ट मत, आपल्या भागात २००४ मध्ये ज्यानं दुकानातला उरलेला नॉर्थवूड घेतला तो हुशार, आणि ज्यानं ‘नवा आलाय’ म्हणून प्रेस्कॉट घेतला त्यानं उन्हाळ्यात हाल काढले. सगळ्यात वरचा, श्रीमंतांचा माल म्हणजे एक्स्ट्रीम एडिशन, नोव्हेंबर २००३, किंमत ९२५ डॉलर. त्यात दोन मेगाबाइटची जादा कॅश होती. खेळांसाठी उत्तम. पण त्या पैशात एक अख्खा साधा कॉम्प्युटर आणि इन्व्हर्टर यायचा.

ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलनं चार गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला. कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी ऑर्लंडोच्या एका परिषदेत मंचावर, गमतीनं का होईना, गुडघे टेकून माफी मागितली. पुढच्या वर्षी दोन प्रेस्कॉट एकत्र चिकटवून पेंटियम डी काढला, त्याचे वरचे नमुने १३० वॅटचे. आणि २७ जुलै २००६ ला कोअर २ ड्युओ आला, हैफाच्या त्याच लॅपटॉपवाल्या वंशातला. ओळ चौदा टप्प्यांची, दोन गाभे, ६५ वॅट, आणि १.८६ गिगाहर्ट्झचा साधा नमुनासुद्धा तीन गिगाच्या पेंटियम ४ पेक्षा पुढे. मग दुकानदारांची पंचाईत झाली. सहा वर्षं ‘जास्त गिगा म्हणजे जास्त स्पीड’ सांगितलेलं, आता त्याच गिऱ्हाइकाला कमी गिगाचा माल जास्त चांगला म्हणून कसा विकायचा?

एका यंत्राला जोरात पळवण्यापेक्षा अनेक साधी यंत्रं एकत्र जुंपावीत, हा विचार काही २००६ मध्ये जन्मला नाही. अमेरिकेनं मोठा संगणक द्यायला खळखळ केल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. त्यात ट्रान्सप्युटर नावाचे छोटे प्रोसेसर चौसष्टाच्या संख्येनं जोडलेले होते. पुणे-लातूर अंतर सव्वातीनशे किलोमीटर. तो विचार आपल्या गल्लीतल्या टेबलावर यायला पंधरा वर्षं लागली आणि तो फिरून आला कुठून, तर हैफा आणि कॅलिफोर्नियातून.

हे सगळं आता कशाला, असा प्रश्न उरतो. तर २०२२-२३ मधले वरचे डेस्कटॉप प्रोसेसर बघा. इंटेलचा आय ९, चौदाव्या पिढीचा, पूर्ण जोरात २५३ वॅट. एएमडीचा रायझन ९ ७९५०एक्स २३० पर्यंत, आणि ९५ अंशांपर्यंत जाऊन तिथंच टिकून राहणं हे त्याच्या आखणीतच आहे. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या इंटेलच्या वरच्या चिप जास्तीच्या व्होल्टेजनं बिघडू लागल्या, तेव्हा २०२४ मध्ये कंपनीला दुरुस्ती द्यावी लागली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. चाचण्या अजूनही थंड खोलीतच होतात. लातूर-नांदेडला आज यूट्यूबवाले आहेत, ड्रोनचं फोर-के शूटिंग करणारे आहेत, आणि लग्नं अजूनही एप्रिल-मेमध्येच आहेत.

फरक एवढाच, की आता प्रोसेसर आपलं तापमान आणि खरं घड्याळ पडद्यावर दाखवतो, आणि रायझनच्या बायोसमध्ये इको मोड नावाची सोय आहे. ती १०५ किंवा ६५ वॅटवर लावली तर वेग थोडा उतरतो आणि उष्णता बरीच उतरते. व्हिडिओचं काम करणाऱ्या ज्या मुलांनी नवं यंत्र घेतलं असेल, त्यांनी येत्या मार्चमध्येच ती सोय लावून एक लग्न रेंडर करून बघावं, एकदा इको लावून आणि एकदा न लावता, आणि वेळ वहीत लिहून ठेवावी. मग तेच मेमध्ये, दुपारी दोन वाजता, करून बघावं.